तीस वैदिणींची फौज

बमरोली, सुरत
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. वैशालीस आशीर्वाद.

इकडे सगळे जिवंत आहेत. प्रफुल्लचा खोकला गेला. पांडेसऱ्याचा धूर तसाच आहे, त्याला औषध नाही. तुझा डब्यात लावलेला गवती चहा मी पाणी घालून घालून कुजवला, ते आधीच सांगते, म्हणजे दीप्तीकडून कळायला नको.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी माझं तोंड मला ठाऊक आहे. लिहिताना निदान बोटं दुखतात, म्हणून माणूस दहातले चार शब्द गिळतो. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा काना-मात्रा तुझा तू लावून घे. शेजारचा भटू मंगळवारी तुझ्या माहेरी, अमळनेरला जातोय, त्याच्या हाती देते. त्याला वाचता येतं आणि लाज नाही, म्हणून पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलंय.

श्रावणात आपल्या घरी जे झालं ते झालं. त्यावर मी लिहिणार नाही. तुझ्या लेकीचं, दीप्तीचं लिहिते.

पोरीची परीक्षा डिसेंबरात आटपली. तेव्हापासून कॉलेजातून आली की त्या कॉम्प्युटरवर लढाई. मी आधी म्हटलं, एकोणीस वर्षांची घोडी, राक्षस मारत बसलीस, भाकरी कधी मारायला शिकशील. तर म्हणाली, भाकरी पप्पा करतात ना आता. खरं आहे. प्रफुल्ल करतो. भाकरीला कोपरे येतात, पण करतो.

खेळ असा आहे. दोन डोंगर, मधे खिंड. पलीकडून राक्षस येतात, एक मोठा अजगर पण येतो, तोंडातून जाळ काढतो. या राक्षसांना जेवायला कोण घालतं ते खेळात कुठे नाही. आपल्याला तीस जणांची फौज निवडायची आणि वीस फेऱ्या खिंड सोडायची नाही. राक्षस मेलेच पाहिजेत असं नाही. आपण हललो नाही की झालं. सगळं जग वीस तलवारवाले घेतं, सहा धनुष्यवाले आणि मागे चार वैदिणी. वैदिणी म्हणजे पांढऱ्या लुगड्यातल्या बायका, जखमेला मलम लावतात. तलवारवाला पडला की धावत जायचं, त्याला उभा करायचा, परत मागे. त्यांची नावंसुद्धा नाहीत. तलवारवाल्यांना आहेत.

दीप्तीच्या डोक्यात आलं की तीसच्या तीस वैदिणीच घेऊन बघायच्या. तिचा एक ग्रुप आहे, कोण कुठले, तोंडं पाहिलेली नाहीत एकमेकांची. ते हसले. म्हणाले चार फेऱ्या टिकणार नाहीत.

पहिल्या वेळी तीनच फेऱ्या टिकल्या.

मग हिने एकदम सगळं उलटंपालटं केलं. जागा बदलली, रांग मोडली, उभ्या राहायची दिशा बदलली. नऊ फेऱ्या गेल्या. नाचायला लागली. परत थोडं इकडेतिकडे केलं तर दोन. मी डाळ निवडत होते. विचारलं, मघाशी नऊ कशाने झाल्या? तिला सांगता येईना. मी म्हटलं, तुझ्या कॉलेजात हे शिकवत नाहीत का.

मी पंचवीस वर्षं लूमच्या खात्यात, त्या कापडाच्या कारखान्यात, सुताच्या कांड्या भरल्या, तुला माहीत आहे. कापडात पट्टा पडायला लागला की नवी माणसं घाबरून चार नट पिळायची. आमचा हिलाल मास्तर हातावर मारायचा. एका वेळी एकच. आधी कांडी बदल, हातभर कापड काढ, बघ. पट्टा आहेच? मग कांडी परत ठेव, धोटा बदल. हातभर काढ, बघ. कंटाळवाणं काम. पण संध्याकाळपर्यंत दोष सापडायचाच, आणि कुणावर ओरडायची गरज पडायची नाही. ओरडणारे मास्तर वेगळे, त्यांचा पट्टा आठवडाभर निघायचा नाही.

तसंच करायला लावलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे रेघा मारल्या. या वेळी काय बदललं, कितव्या फेरीला पडलो. रोज दुपारी ती आली की दोनदा खेळायचं, जास्त नाही. मला बघायला बसवायची, कारण तिची नजर राक्षसावर असते आणि माझी बायकांवर. दगडाआड उभ्या केल्या, चार. गोल केला, पाच. नदीच्या बाजूला सरकवल्या, परत चार. बारा वेळा हरलो. मला वाईट वाटलं नाही, हरणं लिहून ठेवलं की ते कामाला येतं.

तेराव्या वेळी मी म्हटलं, आज फक्त एवढंच बघू की पहिली कोण मरते आणि मरताना तिच्याजवळ काय असतं.

पहिली मेली ती कोपऱ्यातली. तिच्या बाजूला कुणी नव्हतं. तिची मलमाची पिशवी भरलेली होती. दुसरी मेली, तिचीही भरलेली. मी म्हटलं, ही बया मेली कशी, औषध हातात घेऊन? दीप्तीने नियम उघडून वाचला. वैदीण दुसऱ्या कुणालाही बरं करू शकते. स्वतःला नाही. तिचा हात तिच्या अंगाला चालत नाही.

मी म्हटलं, कुणी बनवलाय हा खेळ, काय मूर्ख नियम आहे.

दीप्तीने मान वर केली नाही. कॅलेंडरवर तेराव्या रेघेपुढे लिहीत होती. म्हणाली, "मम्मीचं तसंच झालं ना."

मी उठले आणि चहा ठेवला. दूध नव्हतं, काळाच प्यायलो.

पुढचं सांगते. दोघी-दोघींच्या पंधरा जोड्या केल्या. एक पुढे, एक पाठीशी. पुढचीला लागलं की मागची मलम लावते. एवढा एकच बदल, बाकी सगळं जसंच्या तसं. बारा फेऱ्या टिकल्या. बाराव्यानंतर पुढच्या थकून पडल्या. मग मी म्हटलं, पाळी बदला, खात्यात बदलतात तशी. चार फेऱ्या झाल्या की पुढची मागे, मागची पुढे. परवा शुक्रवारी वीस झाल्या. अजगर येऊन जाळ टाकून गेला, तरी बावीस बायका उभ्या होत्या. तलवार एकीच्याही हातात नाही. दीप्तीच्या ग्रुपातले म्हणाले, खेळातच काहीतरी बिघाड असेल. जिंकलेल्या बाईला हेच म्हणतात, तू मनावर घेऊ नकोस, असं मी तिला सांगितलं.

एवढंच लिहायचं होतं. पण कागद उरलाय.

तू गेलीस तेव्हा मी गल्लीत पाच कारणं सांगितली. वैशालीला माहेरची ओढ. वैशालीला काम नको. तिच्या भावाने फूस लावली. प्रफुल्ल मऊ आहे. दीप्तीने आईची बाजू घेतली. गेले आठ दिवस माझ्या डोक्यात तो कॅलेंडरचा कागद आहे. एकेक कारण काढून बघितलं. तुझा भाऊ काढला, तरी तू गेली असतीस. प्रफुल्लला लोखंडाचा केला, तरी गेली असतीस. हिलाल मास्तर म्हणायचा, कांडी बदलली, धोटा बदलला, सूत बदललं आणि पट्टा आहेच, तर मग मागाकडे बघू नका, माग चालवणाऱ्याकडे बघा.

तर श्रावणाचं लिहिते.

तुझी गर्भाची पिशवी काढली त्याला बारा दिवस झाले होते. डॉक्टरने तीन महिने वजन उचलू नको म्हटलेलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. कानबाई देवीचा सण आला, तिच्या नैवेद्याचा रोट आला. आपल्या घरात रोटाचं पीठ घरच्या जात्यावर आणि घरच्या सुनेच्याच हाताने, दुसरा हात चालत नाही. मी तुला खाटेवरून उठवलं. तू एकदा म्हणालीस, आई, टाक्यांना ओढ बसतेय. तेव्हा मी भाऊबंदकीच्या सगळ्या बायकांसमोर म्हटलं की मी तीन पोरं काढली आणि दर वेळी आठव्या दिवशी कांड्या भरायला बसले, हिला सुई टोचली तरी खाट लागते. बायका हसल्या. तू दळलंस. सगळं दळलंस. त्याच आठवड्यात टाक्यांतून पू आला आणि मी म्हटलं, हळद लाव.

त्याच्या आदल्या वर्षी माझं खुब्याचं हाड मोडलं होतं तेव्हा चार महिने खाटेवर संडासचं भांडं तू दिलं होतंस. एकदाही नाक मुरडलं नाहीस. मला त्याचा रागच यायचा, नाक मुरडलं असतंस तर मला बोलायला जागा मिळाली असती.

दिवाळीत प्रफुल्ल तुला घ्यायला निघाला होता. मी म्हटलं, आपल्या पायांनी गेली, आपल्या पायांनी येऊ दे. तो थांबला. त्याला शिव्या दे, पण अर्ध्याच दे, अर्ध्या माझ्या.

आता दीप्ती सांगते, टाक्यांच्या जागी आतडं वर येतं आणि येत्या शुक्रवारी परत पोट उघडणार. जाळी बसवणार म्हणे. तुझी आई नाही, वहिनीला अंगावरचं मूल आहे. प्रफुल्लला इच्छापोरच्या कामावरून दोन दिवस सुटी मिळते, तिसऱ्या दिवशी ठेकेदार दुसरा माणूस घेतो. दीप्ती कॉलेज बुडवून येते म्हणत होती, मी नको म्हटलं.

मी येतेय. गुरुवारी सकाळी उधन्याहून गाडीत बसते. दीप्ती डब्यात बसवून देईल, तिकडे भटू उतरवून घेईल. सोबत माझी काठी, दोन लुगडी आणि भरड नाचणी. मला उचलता काही येत नाही. पण बसता येतं, आणि भांडं देता येतं. चार महिने तू देताना बघत होते.

तुला घरी न्यायला येत नाहीये. ते तू आणि प्रफुल्ल बघा, मी त्यात पडले तर वाटोळंच होईल. तू बरी होऊन माहेरीच राहिलीस तरी मी गाडीत बसून परत येईन आणि गल्लीत कारण विचारलं तर एकच सांगेन, खरं आहे ते. मला बघून तुझं डोकं फिरलं तर नर्सला सांग, ही बाई बाहेर काढा. मी बाहेरच्या बाकावर बसेन. बोलणार नाही असं वचन देत नाही, ते माझ्याने होणार नाही. टोचून बोलणार नाही, याचा प्रयत्न करीन.

एक राहिलं. यंदाच्या श्रावणात रोटाचं पीठ मी दळणार आहे. भाऊबंदकीतल्या बायका म्हणतील, सुनेचाच हात पाहिजे. तर मी कोण आहे? तुझा सासरा गंगाराम मला वरात काढून घेऊन आला होता, मी काही या घरात जन्मले नाही. मीही सूनच आहे. हे मी गेल्या वर्षीसुद्धा म्हणू शकले असते. सुचलं नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. सुचलं होतं. तू जात्याशी बसलीस, खुंट्याला हात लावलास, तेव्हाच सुचलं होतं. पण माझ्या एका शब्दावर माझी सून आजारपणातून उठते, हे मला त्या बायकांना दाखवायचं होतं. ते दाखवलं.

गुरुवारी भेट. नाश्ता करून ठेवू नकोस, पडून राहा.

तुझ्या आधीची सून,
शकू