संत फानूरियोसचा केक आणि अकरावा संघ

ती. पोलिक्सेनी वन्सं यांना कोझानीहून एव्हांथियाचा नमस्कार.

तुमची कंबर आणि सासूबाईंचा खोकला कसा आहे? इकडे देवाच्या कृपेने सगळे धड आहोत. फक्त सामानाची खोकी पूर्ण रिकामी करायचा धीर होत नाही. तुमच्या बंधूंनी चौदा वर्षं फुटबॉलच्या मैदानात डाव्या बाजूला बचाव केला. गुडघा गेला तेव्हा वाटलं, आता तरी माणूस एका जागी बसेल. तर प्रशिक्षक झाले! सोळा वर्षांत हा अकरावा संघ. (हरतात अकरा जण, घर हलतं आमचं.) आमच्या लेकीची, अँथीची, ही सातवी शाळा, आणि जूनमध्ये तिची शेवटची परीक्षा. तेवढी होईपर्यंत इथून हलवू नकोस, असं रोज दिवा लावून देवाला विनवते.

तुम्हाला ठाऊकच आहे, यांची नोकरी सुटली की मी संत फानूरियोसचा केक करते. हरवलेलं तो दाखवतो (आणि उपासाचा असल्याने अंडी-लोणी वाचतं). दर वेळी त्याने नोकरी दाखवली. फक्त आणखी लांबची. परवा मात्र माझीच एक वस्तू हरवली, म्हणून केक केला आणि रीतीप्रमाणे शेजारी वाटला. कालिरोईबाई दारातच म्हणाल्या, "अगं बाई, काढलं वाटतं लाझारोसना?" म्हटलं, "नाही हो, माझंच काहीतरी हरवलंय." "आधी सगळ्या असंच म्हणतात," म्हणत दोन तुकडे जास्त घेऊन गेल्या. दुपारपर्यंत कॉफीच्या दुकानात यांना निरोपही देऊन झाला. संघाच्या अध्यक्षांना (चीजचे व्यापारी) वाटलं, हा गुपचूप दुसरा संघ बघतोय. त्यात लागोपाठ तीन सामने हरलेले. संध्याकाळी घरी येऊन गरजले, "तू सोडून जायच्या आधी मीच तुला काढतो!" हे सरळ माळ्यावरची खोकी काढायला गेले. मी थकले हो, वन्सं. आलेला माणूस पाहुणा, म्हणून त्यांच्यापुढेही केक ठेवला.

तुमची,
एव्हांथिया

ता. क. अध्यक्षांच्या दाताखाली सोनं आलं. माझी वस्तू मनुकांच्या बरणीत पडली असणार. नववर्षाच्या केकात ज्याला नाणं सापडतं त्याचं वर्ष नशिबाचं, तसंच हे, असं त्यांनी ठरवलं. छातीवर क्रूस काढून म्हणाले, "माझं नशीब या घरात आहे. जूनपर्यंत कोणी हलायचं नाही!" आणि वस्तू खिशात घालून गेले.

आणखी एक. ती वस्तू म्हणजे सासूबाईंनी लग्नात दिलेलं कानातलं. परत कसं मागू? ईस्टरला येईन तेव्हा डोक्याला रुमाल असेल. एव्हांथियाचा कान दुखतोय, असं सासूबाईंना तुम्हीच सांगून ठेवा.

यांच्यापाशी बोलू नका. अध्यक्षांना आपली बचावाची आखणी पटली, अशी यांची समजूत आहे.