सनसेट पॉइंट, दोन फेऱ्या

६ जानेवारी २००३

आजपासून माझा स्वतःचा बिजनेस. कुत्रा फिरवणे. नोकरी नाही, बिजनेस.

हॉस्टेलच्या किचनचं काम मी सोडलं. काढून टाकलं असं जे कोण बोलतात त्यांनी माझ्या तोंडावर येऊन बोलावं. वॉर्डनबाईला मी एवढंच बोलले की ही डाळ नाही, डाळ धुतलेलं पाणी आहे. खरं बोललं की झोंबतं लोकांना.

कस्टमर सध्या एक. देवराम सर, रिटायर मास्तर, गुडघ्याने बसलेत. त्यांचा अल्सेशियन आहे, नाव मेजर, वासराएवढा. सर म्हणाले, रोज सकाळी सनसेट पॉइंटपर्यंत न्यायचा, आणायचा आणि वहीत लिहायचं, किती वाजता, कुठे, किती फेऱ्या. मी म्हटलं, सर माझी चौथीच झालीय. ते म्हणाले, चौथीपर्यंत लिहायलाच शिकवतो आम्ही.

म्हणून दोन वह्या आणल्या. एक सरांना दाखवायची. ही माझी.

७ जानेवारी, सकाळ

निघाले. मेजरला पहिल्याच दिवशी कळलं मालकीण कोण. तो पुढे आणि मी मागे होते, पण ते मी त्याला जाऊ दिलं म्हणून.

पाचबत्ती नाक्यापाशी चप्पल तुटली. चहाच्या टपरीवर बसले. मेजर बाकाखाली बसला. गरम भजी निघत होती. उद्यापासून पॉइंट.

सरांच्या वहीत: सनसेट पॉइंट, एक फेरी.

८ जानेवारी

एसटीडीवाल्याने हाक मारली, ठाण्याहून संदीपचा फोन. माझा मुलगा. त्याचं तेच. आये, तू आता इकडे ये, योगिता कामाला जाते, बाळाजवळ कोणी नाय. मी म्हटलं, मी बिजनेस टाकलाय. तो म्हणाला, कसला? मी सांगितलं. तो म्हणाला, आये, लाइन खराब हाय, परत सांग. परत सांगितलं.

मग म्हणाला, हॉस्टेल झालं, दवाखान्याची झाडू झाली, बालवाडी झाली, सगळीकडे तू भांडून आलीस. होळीपर्यंत बघतो. होळीला हे काम राहिलं तर रहा जव्हारला. नाय तर मी येतो न्यायला, मग तोंड उघडायचं नाय.

मी म्हटलं ठरलं. मी भांडत नाही कोणाशी. बालवाडीची बाईच तशी होती.

त्याची खोली मी बघितलीय. चौथा मजला. दारं बंद. उंबऱ्यात बसून बोलायला एक माणूस नाही. चार दिवसांत माझी जीभ गंजली होती.

१२ जानेवारी

जामसरहून माझा भाऊ फागू आला. हसून हसून खोकला लागला त्याला. म्हणाला, कुत्र्याला फिरवायला माणूस? का, त्याला रस्ता नाय सापडत? आमची कुत्री आपली आपण जातात, आपली आपण येतात. नाय आली तर बिबट्याने नेली समजायचं. मी म्हटलं, म्हणून तू जामसरलाच राहिलास.

नाचणीची भाकर खाऊन गेला. जाताना विचारलं, कुत्र्याला पण पेन्शन आहे काय.

१५ जानेवारी

नियम केले.
१. टपरीवर थांबायचं नाही.
२. थांबलं तर एकच चहा.
३. भजी कुत्र्याला द्यायची नाही.

१६ जानेवारी

टपरीवर थांबले. थंडी होती. मेजर माझ्या ताटलीकडे असा बघतो की घास उतरत नाही. दोन दिली. दोन म्हणजे चार.

तिथून जिजाकडे. जिजा माझी मैत्रीण, तिच्या अंगणात फणसाचं झाड आहे. मेजरला झाडाला बांधलं. कुत्र्याला विश्रांती पण लागते, नुसतं चालून चालून पाय मोडतात. जिजाच्या सुनेचं बरंच सांगायचं राहिलं होतं.

सरांच्या वहीत: सनसेट पॉइंट, दोन फेऱ्या. सूर्य उगवताना फार छान दिसला.

१७ जानेवारी

सरांनी कालच्या ओळीखाली लाल रेघ मारलीय. विचारलं, तुळशीबाई, सनसेट पॉइंटला सूर्य उगवतो काय हल्ली? मी म्हटलं, सर, तुमचा गुडघा वर्षभर घरात आहे. बाहेर काय काय बदललंय तुम्हाला काय माहीत.

सरांनी वही मिटली. मास्तर लोकांना उत्तर मिळालं की ते वही मिटतात.

२५ जानेवारी

दुसरा कस्टमर! ममता मॅडम, ऑफिसात क्लार्क आहेत. पॉमेरियन. नाव स्वीटी. पांढरी, कापसासारखी, आणि तेवढीच अक्कल.

हिशोबाने होळीपर्यंत दहा कुत्री. मग दोन बायका हाताखाली. मोखाड्याला ब्रँच.

२८ जानेवारी

स्वीटी चालत नाही. दहा पावलं टाकते आणि खाली बसते, बाजारात हट्ट धरलेल्या पोरासारखी. मेजर इकडे ओढतो, ही तिकडे बसते, मध्ये मी वाळत घातलेल्या लुगड्यासारखी. शेवटी कडेवर घेतली. कडेवर ही खूश.

३ फेब्रुवारी

मेजर आणि स्वीटीचं एकत्र जमत नाही. शास्त्रच आहे ते, मोठा आणि लहान कुत्रा वेगळे ठेवायचे. म्हणून मेजरला आमच्या घरी संदीपच्या बापाजवळ ठेवते, स्वीटीला घेऊन जिजाकडे बसते, जाताना मेजरला घेते आणि सरांकडे सोडते.

संदीपचा बाप म्हणजे ढवळू. नवऱ्याचं नाव लिहिलं तर लिहिलं, कोण वाचतंय. दिवसभर विळ्याला धार लावत बसतो आणि दिवसाला सहा शब्द बोलतो. त्याला म्हटलं, नुसतं लक्ष ठेव, दुसरं काही करू नको, तुला जमणार नाही. म्हणाला, बरं.

७ फेब्रुवारी

स्वीटी सुकट खाते! जिजाने टोपलीत निवडायला घेतली होती, तोंड घालून वाटीभर संपवली. जिजा म्हणाली, बामणीण दिसते पण आपल्यातलीच निघाली. हसून पोट दुखलं.

८ फेब्रुवारी

ममता मॅडम घरी आल्या. चेहरा वाकडा. म्हणे स्वीटीच्या तोंडाला कालपासून बोंबलाचा वास येतोय. आणि म्हणे कोणीतरी त्यांना सांगितलं की तुळशीबाई तुमच्या कुत्र्याला कडेवर घेऊन, पदर पांघरून, नाक्यावर भजी भरवत होती. मी म्हटलं, त्या कोणीतरीला आणा माझ्यासमोर. त्या म्हणाल्या, मीच बघितलं, रिक्षातून.

मग मी म्हटलं, मॅडम, तुमच्या कुत्रीला पाय आहेत ते तिला आधी सांगा, मग माणूस ठेवा.

तो कस्टमर मी सोडला. लहान कुत्र्यात फ्यूचर नाही.

९ फेब्रुवारी

आता स्वीटी नाही. तरी टपरी आणि फणस झाला की मेजरला ढवळूजवळच ठेवते आणि परत जिजाकडे बसते. सवय लागली की मोडू नये कुत्र्याची.

१८ फेब्रुवारी

सर फार खूश. मेजरचं पोट आत गेलं, अंगाला तकाकी आली, रात्री गुरासारखा झोपतो. सर म्हणाले, तुळशीबाई, मला खोटं वाटत होतं, पण तुम्ही खरंच चालवता हो त्याला.

मी म्हटलं, शिस्त आहे सर.

बघा. टपरी, फणस, आमचं अंगण, एवढ्यावर कुत्रा घोडा झाला. उगाच लोक पॉइंटपर्यंत धावतात.

२० फेब्रुवारी

ढवळूच्या पायजम्याला कुसळं. विचारलं, कुठे उंडारतोस? म्हणाला, लाकडं. चुलीला लाकडं आणतो म्हणे रोज. आणली होती खरी, भाराभर. एवढ्या वर्षांत कधी स्वतःहून आणली नाहीत. माझ्या बिजनेसचं बघून त्याला पण लाज वाटायला लागली असणार.

२७ फेब्रुवारी

संदीपचा फोन. सांगितलं, सर सगळ्या आळीत माझं नाव घेतात. तो म्हणाला, खरं सांगतेस ना आये? आवाज जरा नरमला होता. म्हणाला, मग योगिताच्या आईला विचारतो बाळाचं. मी म्हटलं विचार.

होळीला अठरा-एकोणीस दिवस. आता कोण हलवतंय मला.

५ मार्च

सर काठी घेऊन अंगणात फेऱ्या मारतात. नाशिकच्या कोणत्या तेलाने गुडघा सुटला म्हणे. बरं झालं बिचाऱ्यांचं.

१० मार्च

सर म्हणाले, उद्या सुट्टी घ्या, तुळशीबाई. दोन महिने एक दिवस खाडा नाही तुमचा.

सुट्टी घेते. मोठे बिजनेसवाले सुट्टीत पण कामच करतात. खोडाळ्याला जाऊन बोर्ड रंगवून आणते. तिथला पेंटर बैलगाड्यांवर नावं काढतो, हात चांगला आहे. एक शिट्टी पण घ्यायची.

११ मार्च, दुपार

अक्षर वाकडं येतंय. तरी लिहिते.

खोडाळ्याहून आले. काखेत बोर्ड. पिवळ्यावर लाल, तुळशीबाई श्वान फिरवणे, खाली कुत्र्याचं चित्र. पेंटरने बैलच काढला होता, शिंगं पुसून कान केले. गळ्यात शिट्टी. अंगणात पाय टाकते तर देवराम सर आमच्या बाजेवर बसलेत. हातात आमचा कप. शेजारी ढवळू. मेजर ढवळूच्या पायावर डोकं टाकून.

सर सकाळी स्वतः निघाले होते मेजरला घेऊन. गुडघा बघायला. मनात होतं सनसेट पॉइंट. मेजरने वळवलं नाक्याला. टपरीच्या बाकाखाली जाऊन बसला आणि उठेना. टपरीवाला न विचारता ताटली घेऊन आला, म्हणाला, याची दोन जास्त असतात, बाई कुठाय आज?

तिथून मेजरने नेलं जिजाकडे. फणसाखाली जाऊन उभा, आता बांधा म्हणून. जिजाला अक्कल नाही. तिने सरांना विचारलं, तुळशी आजारी हाय काय, रोज दीड तास असते इथं.

तिथून आमच्या अंगणात. आणि ढवळू! आयुष्यात सहाच्या वर शब्द बोलला नाही, आज बोलला. सरांना ओळखत नव्हता म्हणे. म्हणाला, उशीर झाला आज, चला, आमचा पॉइंटला जायचा टाइम झाला.

लाकडं! महिनाभर हा माणूस मेजरला घेऊन रोज सनसेट पॉइंटला जाऊन येत होता. दोन फेऱ्या. येताना लाकडं.

सर, ढवळू, मेजर, तिघंच्या तिघं पॉइंटला जाऊन आले. गुडघ्यासकट.

मी बोर्ड उलटा धरला. सरांनी सरळ करून वाचला. म्हणाले, कान छान काढलेत. मी तोंड उघडलं तर हाताने थांबवलं. सरांच्या वहीतली पानं उलटत होते. त्रेसष्ट वेळा सनसेट पॉइंट. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला बोलता आलं असतं.

शेवटी म्हणाले, उद्यापासून साखळी ढवळूच्या हातात, सकाळ-संध्याकाळ.

११ मार्च, संध्याकाळ

ढवळूला म्हटलं, तू मला सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, तू इचारलं नाय.

१२ मार्च

शांतपणे विचार केला. बिजनेस गेलेला नाही. कुत्रा तोच, घर तेच, फक्त मी माणूस ठेवलाय. मोठे होतात तेव्हा सगळेच माणूस ठेवतात. संदीपला असंच सांगायचं.

१३ मार्च

संदीपला असंच सांगितलं. तो म्हणाला, माणूस कोण? मी म्हटलं, आहे एक. अनुभवी. तो म्हणाला, बाबाने काल फोन केला होता.

ढवळू! एसटीडी बूथवर! त्याला नंबर फिरवता येतो हे मला लग्नाला एवढी वर्षं झाली तरी माहीत नव्हतं.

शिट्टी फणसाच्या झाडावर टांगून आले.

१८ मार्च

होळी झाली. संदीप आला. सोबत रिकामी बॅग. मला वाटलं होतं बोलेल, टोमणे मारेल. आधी सरांना भेटून आला. म्हणाला, बाबाला काम हाय, बाबा राहील इथं. आये, तू चल. ठरलं होतं.

तोंड उघडायचं नाही हे पण ठरलं होतं. नाही उघडलं. लाकडं फोडली तेवढी.

जिजा रडली. वर म्हणते, मी काय वाईट बोलले सरांना, खरंच तर सांगितलं. खरं बोलणाऱ्या बायांचा मला भयंकर राग येतो.

१९ मार्च, रात्री आठ

बॅग भरली. बोर्ड मावत नाही. ढवळू म्हणाला, कोंबड्यांच्या खुराड्याला दार करतो त्याचं.

संध्याकाळी त्याला म्हटलं, आज मी येते. तो म्हणाला, कुठं? मी म्हटलं, कुठं म्हणजे, पॉइंटला. त्रेसष्ट वेळा गेलेय, एकदा आणखी.

लांब आहे हो. एवढं लांब असेल वाटलं नव्हतं. वहीत मी दोनदा गाठायचे. अर्ध्यात छातीचा भाता झाला, दगडावर बसले. मेजर पुढून मागे आला, बघून गेला, परत पुढे. ढवळू थांबला.

वर पोचलो. खाली दरी, सगळ्या टेकड्या एकामागे एक, आणि सूर्य तिकडे पार खाली. ढवळूला विचारलं, इथं रोज काय बघतोस? तो म्हणाला, काय नाय. बुडतो तो. मग घरी जातो.

सरांनी वाटेत वही परत दिली होती. तिथेच उघडली. शेवटच्या पानावर लाल शाईने: अंतर चूक. वेळ चूक. सूर्य चूक. अक्षर सुधारले. दहापैकी चार.

चार! शाळेत मला दोनच्या वर कधी मिळाले नाहीत. ठाण्याला नेते ती वही. संदीप म्हणतो, त्यांच्या बिल्डिंगमध्ये तीन कुत्री आहेत. एक लिफ्टने खाली येतो म्हणे. म्हणजे चालायचं पण नाही.

परत येताना मेजरने नाक्याला ढवळूला हिसका दिला आणि सरळ टपरीच्या बाकाखाली. ढवळूने ओढलं, दटावलं, गोंजारलं. हलला नाही. माझ्याकडे बघत बसला.

बसले. एक प्लेट सांगितली. टपरीवाल्याने न विचारता दोन जास्त टाकली. अर्धी मी खाल्ली, अर्धी त्याने. ढवळू उभाच.

पहाटे साडेपाचची गाडी आहे.