या टेकडीवर काही रोवायचं नाही

३ ऑक्टोबर

आले एकदाची! तीस वर्षं कामगारांच्या सभा गाजवल्यावर पेनसिल्व्हेनियातल्या या जुन्या कोळशाच्या टेकडीवर माझं स्वतःचं घर. घसा बसलाय, जीभ शाबूत आहे. खोकी उघडायच्या आत शेजारची बर्नाडेट लोणी-कांद्यात परतलेल्या पिरोग्या, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, घेऊन हजर. तिचा नवरा कॅझ जन्मभर ट्रक चालवलेला म्हातारा. पुस्तकं वर चढवताना त्याने धापा टाकत विचारलं, की गसीबाई, एखादं हलकं पुस्तक वाचलंच नाहीस का कधी. मनापासून हसले. इथल्या टपालपेट्या सिमेंट भरलेल्या बादल्यांत उभ्या असतात, कपड्यांच्या दोऱ्या झाडांना बांधतात, कुंपण कुणालाच नाही. जमीन भुसभुशीत आहे, एवढंच बर्नाडेट म्हणाली आणि पिरोग्यांकडे वळली.

९ ऑक्टोबर

महिनाअखेरीला हॅलोविन, भुताखेतांचा सण. त्यासाठी अंगणात खोटी थडगी मांडणार. दुकानातली नकोत, त्यांच्यावर तेच ते शिळे विनोद. थंडी अडवायला भिंतीत घालतात तो गुलाबी फोम आणला, पावाच्या सुरीने माथे गोल कापले आणि तापलेल्या लोखंडी टोकाने अक्षरं कोरली. पहिल्यावर फवाऱ्याचा रंग मारला तर फोम विरघळून खड्डे पडले. शंभर हिवाळे सोसलेला दगड वाटावा, असे झकास! मग सगळ्यांवर मुद्दाम मारला. त्यावर भिंतीचा करडा रंग, ओल्या स्पंजाने काळे ओघळ. मजकूर माझा: ‘आठ तासांचा दिवस. ओव्हरटाइमने मारला.’ ‘पेन्शन. येणार, येणार म्हणता गेली.’ मुलं घाबरोत न घाबरोत, मालक घाबरले पाहिजेत.

१४ ऑक्टोबर

वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकाच्या पाठीला सळई चिकटवून ती हातोडीने जमिनीत खोल ठोकली. आवाज ऐकून कॅझ घरातल्या सपातांवरच धावत आला. छपरावर भूत बसव, दारात हाडांचा सांगाडा टांग, पण या टेकडीत काही रोवायचं नाही, म्हणाला. का, ते सांगेना. मी म्हटलं, कारण नसलेला हुकूम मी पोलिसांचाही पाळला नाही, तुझा कशाला पाळू? मग तो म्हणाला, की तू खेचराच्या कुळातली आहेस. मी म्हटलं, खेचरांनीच तुमच्या खाणीतल्या कोळशाच्या गाड्या ओढल्या. तो हसला नाही.

१७ ऑक्टोबर

सकाळी सगळी थडगी वीतभर वर आलेली. पडली नाहीत, कलली नाहीत. सळयांसकट सरळ वर. पुन्हा ठोकून आत घातली. दिवस मावळायच्या आत पुन्हा वर. खालून कुणी ढकलावं तशी.

१९ ऑक्टोबर

भर दुपारी एका सळईला हात लावला तर ती आतून थरथरत होती. ठक, ठक, ठक. मग थांबली. पुन्हा तसंच.

माझा बाप खाणीतला. आत अडकलेली माणसं लोखंडावर अशीच ठोकतात आणि वरच्याने ऐकलं की उलट ठोकायचं, हे मी बोलायच्या आधी शिकले. विचार करायला थांबले नाही. हातोडी उचलली आणि तीन ठोके दिले.

खाली शांतता. मग सगळ्या सळया एकदम वाजू लागल्या.

२० ऑक्टोबर

मी उत्तर दिलं हे कॅझला सांगितलं, तेव्हा तो अखेर बोलला. आजोबांच्या काळी या टेकडीखालच्या खाणीला आग लागली. हवा तुटली की आग विझेल आणि कोळसा वाचेल, म्हणून मालकाने तोंड बुजवायला सांगितलं. आत माणसं होती. ती पाण्याच्या पाइपावर ठोकत होती. बायकांनी उलट ठोकलं: ऐकलं, येतोय. आणि गावच्याच पुरुषांनी फावड्यांनी माती लोटली. कॅझच्या आजोबांनीही. उत्तर म्हणजे वचन असतं, गसी, ते आम्ही एकदा मोडलंय, म्हणाला. तेव्हापासून या टेकडीच्या जमिनीत कुणी खिळाही ठोकत नाही.

ठोके ऐकू येऊ नयेत म्हणून! काय ही माणसं!

२४ ऑक्टोबर

माझे विनोद खरवडून काढले. बर्नाडेटने चर्चच्या पायरीवर, कॅझची नजर चुकवून, आठवतील ती नावं सांगितली. यांको. पीटर हुडाक. मायकेल, आडनाव कुणाला माहीत नाही. कोरून लावली. संध्याकाळी गाव अंगणाच्या कडेला जमलं. उपट ती थडगी, म्हणाले. मी माझ्या घराच्या पायरीवर उभी राहिले. ज्यांना जिवंत पुरलंत त्यांना फोमचा तुकडासुद्धा देववत नाही तुम्हाला, असं विचारलं.

भीती वाटते. लिहून ठेवते, कारण ती लपवणार नाही. पण थडगी राहतील.

२७ ऑक्टोबर

नावांनी खालच्यांचं समाधान नाही. त्यांना नाव नको आहे, बाहेर यायचंय. अंगणाला भेग पडली. आतून कोमट, जळका वास. ठोके आता तळघराच्या भिंतीत — माझ्या खुर्चीखाली —

२९ ऑक्टोबर

यांकोची सळई धरली होती. खालून ओढली. हातातून गेली, थडग्यासकट. भोकाच्या कडेला नुसता करडा भुगा.

३० ऑक्टोबर

कॅझ आला. रडत होता. गावाने सिमेंटचा ट्रक मागवलाय, उद्या दुपारी भेग भरून टाकणार. आमच्याकडे चल, म्हणाला. दुसऱ्यांदा? त्यांना दुसऱ्यांदा बुजवणार? फावडं दे, म्हटलं. नाही म्हणाला.

माझं स्वतःचं फावडं आहे.

३१ ऑक्टोबर

सकाळपासून खणतेय. वही बाजूला मातीवर. ठोके थांबले — वाट बघतायत. त्यांना कळतं.

ट्रक चढावर आला. भोंगा वाजवतोय. वाजव. मी भेगेत उभी आहे, माझ्यावर ओता मग —

फावड्याचं पातं अडकलं. दगड नाही. धरलंय कुणीतरी. झटका नाही, घट्ट पकड. काळी बोटं. मागे आणखी —

एकाचं वजन नाही हे. सगळेच एकदम धरतायत. पायाखालची माती —

सोडणार नाही. ऐकलंत का वरचे, मी सोडणार ना