अक्काची दाढ आणि जांभळाचा जॅम

धुळे, १२ जून १९८९

अक्काच्या हिरडीची सूज उतरली. दातांच्या डॉक्टरांनी संध्याकाळी स्वतः पाहून सांगितलं, दाढ इतक्यात काढायला नको. आठ दिवसांपूर्वी ही थोरली बहीण सोनगीरहून आली, तेव्हापासून नुसत्या पेजेवर होती. दाढ काढायचं नाव निघालं की रडवेली व्हायची.

गुण कशाचा? त्यांच्या गोळ्यांचा, की मी बाभळीची साल उकळून दिलेल्या चुळांचा? दोन्हींचा असेल. डॉक्टर हसले, पण "चुळा चालू द्या" म्हणाले. मला तेवढं पुष्कळ.

खरा अभिमान मात्र जॅमचा. काल मी घड्याळ लावून बरोबर वीस मिनिटांनी पातेलं उतरवलं, तर जांभळाचं सरबत झालं! अक्का म्हणाली, "घड्याळावर तुझा पेपर निघतो भाऊ, पाक नाही. बशीत थेंब टाक. ओघळला नाही की उतरव." इतकी वर्षं वेळेत वर्तमानपत्राचं पान लावणाऱ्याला हे सुचलंच नव्हतं. आज घड्याळ काढून ठेवलं. तीन थेंब ओघळले. चौथा, बशी तिरकी केली तरी जागचा हलला नाही. तो थेंब किती वेळा पाहिला, कोण जाणे.

अक्काने भाकरी कुस्करून जॅमशी खाल्ली. "बठ्ठं गोड शे रे!" सगळंच गोड लागतंय म्हणत पुन्हा वाढून घेतली, आणि न सांगता चूळ भरली.

शनिवारी डॉक्टर पुन्हा बघतील. दाढ राहिली तर रविवारच्या एसटीने ती घरी जाईल. बरणी भरून द्यायला आत्ताच बजावलंय. भावाने केलाय म्हणून गल्लीभर चाखवणार आहे.