रोनाल्डचं नाव

मरोळ, अंधेरी
५ ऑक्टोबर

प्रिय व्हर्नन,

मस्कतचा उकाडा कमी झाला का रे? इथे मम्मीची तब्येत बरी आहे, पण नजर पार गेली. म्हणून दुपारची भांडी आटपली की मी तिला पुस्तक वाचून दाखवते. मागच्या आठवड्यात लायब्ररीतल्या संघमित्राने एक रहस्यकादंबरी दिली. कॉलेजातून घरी न आलेली मुलगी आणि वीस वर्षांनी तिची फाइल पुन्हा उघडणारा इन्स्पेक्टर. संघमित्रा नवीन आहे, तिला आपलं काय ठाऊक! मी पुस्तक परतच करणार होते, पण मम्मीने कशावर आहे ते विचारलं आणि म्हणाली, "वाच."

रोज थोडं थोडं वाचत गेले. पुस्तकातला भाऊ बहिणीचा फोटो घेऊन गावोगाव हिंडतो, तिथे मला तूच दिसत होतास. आपला धाकटा रोनाल्ड साकीनाक्याच्या वर्कशॉपला म्हणून गेला आणि आलाच नाही, तेव्हा आपण दोघं किती फिरलो! शवागारात तू एकटाच आत जायचास, मला बाहेर उभं करून. येऊन नुसती मान हलवायचास. मग समोरच्या टपरीवर आपण चहा प्यायचो, सुटल्यासारखे.

शेवट मी आधीच चोरून वाचला. मुलीची हाडं सापडतात, एका बुजलेल्या विहिरीत. हे मम्मीला कसं ऐकवू? मग मनानेच शेवट रचला. मुलगी नागपूरला सुखरूप आहे, आईला फोन करते. मम्मीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आयरीन, मघापासून एक पान उलटलं नाहीस तू. खरं काय लिहिलंय ते वाच." वाचलं. संपल्यावर ती एवढंच बोलली, "तिच्या आईला कळलं तरी."

नोव्हेंबरात चर्चमध्ये सगळ्या मृतांसाठी मिस्सा होते ना, त्यात यंदा पप्पांसोबत रोनाल्डचंही नाव द्यायचं, असं ती काल म्हणाली. आजवर फादरनी नुसतं सुचवलं तरी चिडायची. "पण व्हर्ननने हो म्हटल्याशिवाय नाही. आणि फोनवर विचारू नकोस, फोनवर तो हो हो करून टाकतो. त्याला एकट्याला वाचू दे." म्हणून हे पत्र. तू हो म्हणच, असं मी सांगत नाही. त्याचे शर्ट अजून माझ्याच कपाटात आहेत. पण मम्मी दमलीय रे. तिला आता त्याची वाट बघायची नाही, त्याच्यासाठी प्रार्थना करायचीय.

तुझीच,
आयरीन