सरज्याचा पाय

कोल्हापूर, ४ मार्च १९६८

चि. रणजित,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. रानडुकरानं सरज्याचा पाय मोडला, तेव्हा "कुत्रा शिकारीला निकामी झाला, गोळी घाला," म्हणून तू मोकळा झालास. मी बांबूच्या कामट्या लावून, कॉन्व्हेंटात सिस्टरनी शिकवलेलं बँडेज बांधलं. कामाला येणारी शेवंताबाई म्हणाली, "आक्कासाब, माणसाचं तरी एवढं कोण करतंय व्हय?" तीन महिन्यांनी तो चालला. आता लिहितोस, पळत असेल तर पाठव! लाज कशी वाटत नाही? पाठवणार नाही.

पण हे पत्रही टाकणार नाही. नकार वाचून तू स्वतः येशील. तुझ्या जीपचा आवाज आला, की हा मेला शेपूट हलवत तुझ्याबरोबर जाईल.

तुझ्यावर चिडलेली,
आक्का