धर्माचा तास शनिवारी होता

गुरुजी, तुम्हाला जाऊन एक जन्म लोटला, तरी मी अजून तुमच्याशीच भांडते. भांडी घासताना, वाल सोलताना तोंड चालूच असतं; आज तेच पत्रात लिहून काढते. सून विचारते, कुणाशी बोलताय? मी म्हणते, माझ्या शाळेतल्या गुरुजींशी. तिला वाटतं, म्हातारी मायेनं आठवण काढते. वाटू दे बापडीला. गावात तुमचा फोटो लावलाय, तुम्ही आम्हाला सगळ्या धर्मांचा आदर शिकवलात असं त्याच्याखाली लिहिलंय. पुण्यतिथीला मलाही बोलवतात, तुमची जुनी विद्यार्थिनी म्हणून चार शब्द बोला म्हणतात. माझे चार शब्द त्यांना सोसायचे नाहीत, म्हणून मी गुडघ्यांचं निमित्त सांगते.

देशाची फाळणी झाली तेव्हा तिकडच्या कत्तलींच्या बातम्या तुम्ही वर्तमानपत्रातून वाचायचात आणि मध्येच थांबून चष्मा पुसायचात. तेव्हाच तुमच्या मनानं घेतलं, की कुठला धर्म कुठून आला, तो माणसाला काय सांगतो हे पोरांना कळलं तर उद्या ती एकमेकांच्या नरड्याला हात घालणार नाहीत. विचार सोन्यासारखा होता, मी आजही नाही म्हणत नाही. शनिवारी सकाळची शाळा, शेवटचा तास मोकळा, म्हणून धर्माचा तास तुम्ही शनिवारी ठेवलात. आता बघा, वर्गात मी होते. शनवार तेल्याची पोर. आमचा घाणा शुक्रवारी सूर्य बुडाला की थांबायचा, बैल सुटायचा, आई दिवा लावायची, आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत घरात चूल पेटायची नाही, लिहिणंसुद्धा बंद. आम्ही यहुदी, आमचे पूर्वज म्हणे गलबत फुटून इथल्याच किनाऱ्याला लागले. पोथ्या बुडाल्या, भाषा बुडाली, पण शनिवार तेवढा त्यांनी सोडला नाही. सगळी किनारपट्टी आम्हाला त्या वारानंच ओळखायची. तुम्ही रोज हजेरी घ्यायचात, दर शनिवारी माझ्या नावापुढे गैरहजर लिहायचात, आणि तरी धर्माचा तास दुसऱ्या वारी घ्यावा असं तुम्हाला कधी सुचलं नाही.

त्यामुळे जगातले धर्म मला शेजारच्या मैत्रिणीनं शिकवले, रविवारी विहिरीवर कपडे धुताना. ती भातशेतीवाल्यांची पोर, बोलायला घोड्यावर बसलेली. बुद्ध म्हणजे राजाचा पोर, सगळं सोडून झाडाखाली बसला आणि म्हणाला, हाव हाय तवर दुःख हाय. येशू गोठ्यात जन्मला, त्याला मारलं त्यांनाच त्यानं माफ केलं. मुसलमानांच्या पैगंबरांना डोंगरातल्या गुहेत देवाचा निरोप आला, की देव एकच, त्याच्याम्होरं सगळे सारखे, आणि आपल्यातला वाटा गरिबाला द्यायचा. "आन आमचा तर कोनी सुरूच क्येला न्हाय म्हनं," ती म्हणाली, "नदीसारका येतच ऱ्हायला." मग एका रविवारी चादर पिळता पिळता म्हणाली, "काल तुमचा झाला गो. देव चांगला हाय तुमचा, पर लय कडक." माझ्या धर्माचा धडा माझ्या धर्मापायी चुकला. आम्ही दोघी तेव्हा पोट धरधरून हसलो. सोमवारी मी तुम्हाला म्हटलं, गुरुजी, आमच्या मशिदीत पण असंच सांगतात. तुम्ही सगळ्या वर्गासमोर मला थांबवलंत. मशीद मुसलमानांची, यहुद्यांचं सिनेगॉग, नीट शीक. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या आमच्या प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणत आलो होतो. पण तुमच्या पुस्तकात नव्हतं, म्हणजे नव्हतं.

त्या वर्षी मी सातवीत. अलिबागच्या मुलींच्या वसतिगृहात आपल्या शाळेतून एकीला जागा मिळायची होती आणि नाव तुम्ही सुचवायचं होतं. बाबांनी सगळं मनात मांडून ठेवलं होतं. पोर अलिबागला मॅट्रिक होईल, मग रेवसहून बोटीनं मुंबईला जाईल, तिथं आमच्या लोकांच्या शाळेत मास्तरीण होईल. त्या शाळेला शनिवारची सुट्टी असते, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. आणि नेमके शाळा तपासणारे साहेब, ज्यांना आपण दिपोटी म्हणायचो, ते तुमच्या धर्माच्या तासाची कीर्ती ऐकून तो बघायला यायचे ठरले. प्रत्येक धर्माच्या एकेका मुलानं उठून आपल्या धर्माचं सांगायचं, असा बेत तुम्ही केलात. यहुदी म्हणून शाळेत मी एकटी.

तुम्ही आमच्या दारात आलात तेव्हा बाबांनी घाण्यावरचे तेलकट हात धोतराला तीनतीनदा पुसले, मला अजून दिसतात. "शनवार हाय, गुरुजी," ते म्हणाले. "रैवारी ठेवा, सोमवारी ठेवा, पोर दिवसभर उभी ऱ्हाईल." तुम्ही म्हणालात, "साहेबांना पुढे श्रीवर्धनला जायचंय, शनिवारच मोकळा आहे. आणि ती काम कुठं करणार आहे? देवाचंच तर सांगायचंय. खडूसुद्धा हातात देणार नाही तिच्या, माझा शब्द घ्या." तुम्ही गेल्यावर आई कुरकुरली. बाबा म्हणाले, "सगल्यांचं देव जाननारा मानूस हाय तो. आपल्या देवाचा मान राखल."

मी काय बोलले ते मला पाठ आहे. अब्राहामानं मूर्ती सोडून एका देवाला हाक मारली, मोशेनं आमच्या लोकांना गुलामीतून बाहेर काढलं, सीनाय डोंगरावर देवानं दहा आज्ञा दिल्या. दिपोटी खूश होऊन मान डोलवत होते. मग त्यांच्या डोक्यात आलं, आता प्रत्येकानं आपल्या धर्माची मुख्य शिकवण एका ओळीत फळ्यावर लिहावी. बाकीच्यांनी भराभर लिहिलं. माझी पाळी आली तशी ओळ साहेबांनीच निवडली. "लिही मुली, सहा दिवस श्रम कर, सातव्या दिवशी विसावा घे." शनिवारी. खडूनं. साहेबांच्या काही लक्षात आलं नाही, पण तुमच्या आलं, गुरुजी. मी तुमच्याकडे बघत होते. तुमचा चेहरा क्षणभर पडला. एक वाक्य बोलायचं होतं, साहेब, आज तिला लिहिता येत नाही, एवढंच. तुम्ही खडू उचललात आणि माझ्यापुढे धरलात. "लिही गं. एकच ओळ आहे." मी हात मागे बांधले. वर्गात कुणीतरी खुदकन हसलं. तुम्ही दुसऱ्यांदा म्हणालात, तिसऱ्यांदा ओरडलात, आणि मग साहेबांकडे वळून हसत म्हणालात, "यांच्यात असंच असतं साहेब, हट्टी जात. शिक्षणानं हळूहळू सुटेल." 

यांच्यात. दोन वर्षं तुम्ही आम्हाला हाच शब्द विसरायला शिकवत होतात.

उन्हाळ्यात वसतिगृहाला दुसऱ्याच मुलीचं नाव गेलं. बाबा विचारायला आले तेव्हा तुम्ही त्यांना सांगितलंत, मुलगी हुशार आहे पण सांगितलेलं ऐकत नाही. ते घरी येऊन माझ्यावर भडकले, जन्मात पहिल्यांदा. मग मी घडलं ते सगळं सांगितलं. ते बराच वेळ बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले. "बरं क्येलंस, बाय," म्हणाले, आणि अलिबागचं नाव त्यांनी परत काढलं नाही.

पुढचं तुम्ही लांबून बघितलंच असेल. तेलाची गिरणी आली, घाणा बसला, बाबांनी अंथरूण धरलं. काका-चुलते आगबोटीनं इस्राएलला गेले. बाबा म्हणाले, एकदा समुद्रातून आलो त्येवढं पुरे. सातवी पास मुलीला गावात मिळून मिळून काय मिळणार? दवाखान्यात आयाची जागा मिळाली. आपल्या गावचा बाजार शनिवारचा, खेड्यापाड्यातले आजारी त्याच दिवशी यायचे. डॉक्टर म्हणाले, कुठल्याही वारी सुट्टी घे, शनिवार सोडून. खडू धरला असता तर मास्तरीण होऊन माझा शनिवार माझ्याकडे राहिला असता, गुरुजी. धरला नाही म्हणून गेला. हा कुठल्या धर्माचा न्याय, तुम्ही तर सगळे शिकलेले होतात. पहिल्या शनिवारी मी वहाणा चढवत होते तेव्हा बाबा ओटीवर जागे होते. त्यांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

दवाखान्याची वाट तुमच्या घरावरून जायची. तुम्ही सकाळी पडवीत पेपर वाचत बसलेले असायचात. इतर दिवशी मी त्याच वाटेनं, मान ताठ ठेवून जायचे. शनिवारी मात्र मागल्या बाजूनं, सुरूच्या झाडांतून, वाळू तुडवत जायचे. पावसाळ्यात लुगडं गुडघ्यापर्यंत भिजायचं. शनवार तेल्याची पोर शनिवारी कामाला निघालीय, हळूहळू सुटेल हे तुमचं म्हणणं खरं झालं, हे तुम्हाला दिसायला नको होतं. तुम्ही गेलात, तुमची पडवी रिकामी झाली, तरी नोकरी संपेपर्यंत मी शनिवारी वाळूतूनच गेले. हे पत्रही म्हणूनच कुठे टाकायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. तुम्ही जिंकलात, हे तुम्हाला मेल्यावरसुद्धा कळू द्यायचं नाहीये मला.